‘क्रिटिकल(आय) = 0.0’ या ओळीत चूक काय?

कृष्णाकाठ:
मंडळी, दोन दिवस डोकं पिकलंय. आमच्या सरांनी 1998 साली फोरट्रान 90 या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम आहे, सांगलीजवळ कृष्णेच्या पात्राच्या 84 क्रॉस सेक्शनांवर (आडव्या छेदांवर) पुराची पातळी काढतो. प्रत्येक सेक्शनची क्रिटिकल डेप्थ, म्हणजे फ्रूड नंबर (पाण्याचा वेग भागिले लाटेचा वेग) 1 होतो ती खोली, ठेवायला ‘क्रिटिकल’ नावाचा ॲरे (आकड्यांची यादी) घेतलाय. नव्या मशीनवर कंपायलरची (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती टाकली, तर वरच्या ओळीवर एरर. कंसात ‘स्टॅट=’ हवं म्हणे! जुन्या मशीनवर हीच फाइल बिनतक्रार चालते. सरांना फोन केला. ‘मी लिहिलंय ते बरोबर आहे.’ हे त्यांचं नेहमीचंच, पण या वेळी खरंच बरोबर असलं तर?

पायथनवाला:
क्रिटिकल कीवर्ड आहे भावा, भाषेचा स्वतःचा शब्द. नाव बदल, पाच मिनिटांचं काम.

आजोबा77:
नाव बदलून काम भागेल, पण कारण चुकीचं सांगताय. फोरट्रानमध्ये राखीव शब्द, म्हणजे नाव म्हणून वापरायला बंदी असलेले शब्द, नाहीतच. क्रिटिकल ब्लॉक भाषेच्या 2008 च्या स्टँडर्डमध्ये (अधिकृत नियमावलीत) कोॲरेंसाठी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींनी वाटून घेतलेल्या ॲरेंसाठी, आला आणि त्याला कंसात ‘स्टॅट=’ द्यायची सोय 2018 च्या स्टँडर्डमध्ये झाली. राखीव शब्द नसल्याने असे नवे शब्द आले तरी जुने प्रोग्राम मोडायला नकोत. ब्लॉकच्या ओळीत बरोबरचं चिन्ह कंसाच्या आत असतं, तुमच्या ओळीत कंस मिटल्यावर आहे. म्हणजे ही सरळ असाइनमेंट, ॲरेत किंमत ठेवणं. कंपायलरने कंस उघडलेला पाहिला आणि पुढचं न वाचताच निकाल दिला.
दोन गोष्टी करून बघा. एक, 2008 चं स्टँडर्ड सांगणारा पर्याय देऊन कंपाइल करा. दोन, ‘इफ’ नावाचा ॲरे घेऊन ‘इफ(आय) = 0.0’ लिहा. हसू नका, हेही वैध आहे.

कृष्णाकाठ:
आजोबा, दोन्ही पास! 2008 चा पर्याय दिला की सरांची फाइल जशीच्या तशी चालते. ‘इफ’वालाही चालला, बघून अंगावर काटा आला.

आजोबा77:
मग नियम कंपायलरवाल्यांना माहीत आहे, नव्या ब्लॉकला लावायचा राहिला. पुराचा अख्खा प्रोग्राम पाठवू नका, कोणी वाचणार नाही. ॲरे, ती एक ओळ आणि एंड, एवढंच बग रिपोर्टमध्ये घाला. पर्यायाने काय फरक पडतो तेही लिहा.

कृष्णाकाठ:
पाच ओळींत बसवून पाठवलं. सरांना कळवलं तर म्हणाले, ‘त्यात डेटा नावाचाही ॲरे आहे, तो बघितलास का?’ डेटा हाही फोरट्रानचाच शब्द. बघितला. तो चालतो.