मदत हवी आहे : देवगडातली बर्फावरची गाडी, पिस्टन जाम

नमस्कार मंडळी,

आधी हसून घ्या, मग मदत करा. माझ्याकडे एक जुनी स्नो स्कूटर आहे. राहतो देवगड तालुक्यात, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटं. आमच्याकडे बर्फ दिसतो तो फक्त मासळीच्या टोपलीत.

मोठा भाऊ ट्रकवर असतो. गेल्या मोसमात आंबा घेऊन दिल्लीला गेला आणि परतीचं भाडं शोधत मनालीपर्यंत पोचला. तिथे पर्यटकांना बर्फात फिरवणाऱ्या एकाने जुन्या गाड्या भंगारात काढल्या होत्या. भावाने त्यातली एक किलोच्या भावाने उचलली आणि परतीच्या मालामागे टाकून आणली. आईने पाहिल्यावर विचारलं, "ह्या काय हाडलंस रे? नांगर काय?" बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त "पेटये खंय ठेवतलंस?" एवढंच. कारण ती उभी आहे पडवीत, आणि पडवी एप्रिलपासून हापूसच्या पेट्यांची. तेव्हापासून बाबांनी या विषयावर तोंड उघडलेलं नाही.

गाडी स्की-डू, जुन्या बांधणीची. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, पट्ट्याच्या आत छोट्या चाकांच्या जोड्या. इंजिन रोटॅक्सचं, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं, अडीचशे सीसीच्या आसपास. दोरी ओढून सुरू होतं. म्हणजे व्हायचं.

थोडं विषयांतर करतो. ही गाडी ज्याच्या डोक्यातून आली तो जोसेफ-आर्मां बोंबार्दिये कॅनडात, क्युबेकमधल्या व्हॅलकूरचा मेकॅनिक. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला, बर्फामुळे दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. बर्फावर चालणारी गाडी बनवायचा त्याचा खटाटोप आधीपासून होताच. १९३७ मध्ये त्याला रबरी पट्टा आणि तो फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं पेटंट मिळालं, आणि पहिली स्की-डू १९५९ ला आली. आमच्या वाडीत साकव पाण्याखाली गेला की आजारी माणसाला डोलीतून न्यायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे ही गोष्ट वाचल्यापासून हे धूड भंगारात परत द्यायला मन होत नाही.

आता दुखणं. पिस्टन जाम आहे. प्लग काढून भोकातून चार दिवस डिझेल घालून ठेवलं, ढिम्म हलला नाही. भावाने "मी बघतो" म्हणून दोरी ओढली. भाऊ ट्रकचं चाक एकटा उचलतो. दोरी परत आत गुंडाळणाऱ्या स्प्रिंगचं टोक मोडलं. इथल्या एका गॅरेजवाल्याने पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून घण मारू का, असं विचारलं. मी गाडीवर ताडपत्री टाकली.

शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी धरलीय. एका पावसाळ्यात एवढी! कार्बोरेटरमध्ये हिरवट चिकट गाळ आहे. पट्ट्यावर बारीक भेगा आहेत, पण आतले धागे दिसत नाहीत.

गाडी कुठे चालवायची नाहीये, ते आधीच सांगतो. मला फक्त इंजिनाचा आवाज ऐकायचा आहे. घण न मारता पिस्टन कसा सोडवू?

येझदीवाला

ताडपत्री टाकलीत ते उत्तम केलंत. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर वरून घण म्हणजे खालच्या कनेक्टिंग रॉडचा आणि बेअरिंगचा निकाल.

आधी सायलेन्सर काढा आणि टॉर्च लावून एक्झॉस्टच्या पोर्टातून आत बघा. पिस्टनच्या अंगावर उभे चरे आणि अ‍ॅल्युमिनियम फासल्यासारखं दिसलं तर गाडी चालता चालता सीझ झालेली आहे. चरे नाहीत आणि सिलिंडरला नुसता तांबूस गंज दिसला तर उभ्या उभ्या चिकटलीय. दुसऱ्या प्रकारात आशा जास्त.

डिझेल या कामाला फार मवाळ. पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते एटीएफ आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं करा, हेड काढून पिस्टनवर ओता, झाकून ठेवा. अ‍ॅसिटोन उडून जातं, रोज थोडं नवीन घाला. विडी, चूल, समई सगळं लांब. तीन-चार दिवसांनी सगळं पुसून, सुकवून मग सिलिंडरला बाहेरून हॉट एअर गनने सगळीकडून सारखी गरमी द्या. ज्योत नको. आणि दोरी विसरा. फ्लायव्हीलच्या नटावर लांब पाना लावून नट आवळण्याच्या दिशेने हलकेच दाब द्या. उलट्या दिशेने द्याल तर इंजिनाऐवजी नट फिरेल. केसभर हलला तरी थांबा, पुन्हा तेल घाला.

खारवी

पांढऱ्या भुकटीबद्दल. रिव्हेट लोखंडी असतील. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटून असले आणि वर खारी हवा बसली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आम्ही बोटीला जस्ताच्या प्लेटी ठोकतो त्या याचसाठी, गंजायचंच तर जस्त गंजू दे. गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, उन्हात सुकवा, रिव्हेट ड्रिलने उडवून अ‍ॅल्युमिनियमचे बसवा. खाली झिंकचा प्रायमर.

आणखी एक. बंदरावर आउटबोर्डसाठी मिळतं ते टीसी-डब्ल्यू३ तेल ह्या इंजिनात घालू नका. आमची आउटबोर्ड पाण्याने थंड होतात, तुमचं हवेवर. हवेवरच्या इंजिनाला डब्यावर एपीआय टीसी किंवा जासो एफडी लिहिलेलं तेल लागतं. वास सारखाच येतो म्हणून लोक फसतात.

समुद्रपक्षी

अहो, किनाऱ्यावर काढा की! वाळू काय, बर्फ काय. एक रील तर पाहिजेच.

येझदीवाला

@समुद्रपक्षी, वाळू चाकांच्या बेअरिंगमध्ये गेली की आठवड्यात सगळं खुळखुळं. शिवाय नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. तिथे पट्ट्याची गाडी? नको.

धागाकर्ता

पोर्टातून पाहिलं. चरे नाहीत! तांबूस गंज आहे, एका बाजूला जास्त. एटीएफ आणलं, अ‍ॅसिटोन मेडिकलमध्ये मिळालं नाही, शेवटी रंगाच्या दुकानात मिळालं. आज दुसरा दिवस. पडवीत समई लावायची नाही म्हटल्यावर आईने देव आतल्या खोलीत नेलेत. ते माझ्या खात्यावर लिहिलं जाणार.

धागाकर्ता

हलला!! पाचव्या दिवशी, रात्री साडेनऊला. आधी वाटलं पाना घसरला. मग परत बघितलं तर पिस्टनची कड दोन मिलिमीटर खाली. ओरडलो तेव्हा कुत्रा भुंकायला लागला.

घाटावरचा

अभिनंदन, पण सुरू करायची घाई करू नका. मी मूळचा गडहिंग्लजचा, नोकरीनिमित्त काही वर्षं हिमाचलात काढलीत, तिथल्या गाड्या पाहिल्यात. तुमच्या इंजिनाला दोन धोके आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत जातं, मग वर. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. ते सुकून कडक झाले की तिथून फुकटची हवा आत ओढली जाते. पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन तापतं, पिस्टन वितळतो. तुमचं पुन्हा सीझ होईल, आणि त्या वेळी चरे पडलेले असतील.

दुसरा धोका जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या ज्या बारीक भोकातून पेट्रोल जातं त्याचा. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के. म्हणून तिथले लोक बारीक मेन जेट बसवतात. थंडीने हवा दाट होते, त्यामुळे फरक थोडा भरून निघतो, तरी उणे दहाला त्या उंचीवरची हवा तुमच्या देवगडच्या तीस अंशांतल्या हवेच्या ऐंशी टक्केच घनतेची. म्हणजे तोच जेट ठेवलात तर तुमच्या अंगणात इंजिनाला जास्त हवा आणि तेवढंच पेट्रोल. वर पंपावरचं ई-२०, त्यातल्या इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, मिश्रण आणखी पातळ. जेटवर नंबर कोरलेला असतो. तो बघून दोन-तीन पायऱ्या मोठा घ्या, मग प्लगचा रंग बघत खाली या. चॉकलेटी हवा, पांढरट दिसला तर ताबडतोब बंद.

धागाकर्ता

@घाटावरचा, हे लिहिलं नसतंत तर मी उद्याच पेट्रोल ओतणार होतो. सील गळतंय की नाही ते घरी कसं बघायचं?

घाटावरचा

इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबराच्या तुकड्याने आणि पत्र्याने बंद करा. प्लगच्या भोकात नळी बसवून आत थोडा दाब द्या, सहा पीएसआयच्या वर नको. पाच मिनिटं टिकला पाहिजे. टायरवाल्याचा पंप वापरू नका, सील उडून बाहेर येतील.

खारवी

घरात डॉक्टरांकडे असतं तसलं फुगा दाबायचं बीपीचं यंत्र आहे का? त्याचे ३०० म्हणजे सहा पीएसआयच्या जरा आतच. आम्ही आउटबोर्डला तेच लावतो.

धागाकर्ता

बाबांचं आहे. गुपचूप घेतलं.

सिलिंडर, रिंगा सगळं साफ करून जोडलं होतं. (गंजाचे डाग होनिंगने, म्हणजे सिलिंडर आतून घासून, गेले, रिंगांच्या खोबणीतला कार्बन जुन्या रिंगच्या तुकड्याने खरवडला. खालच्या बेअरिंगची किरकिर नाही, नशीब.) ३०० पर्यंत नेलं आणि काटा डोळ्यांदेखत २४० वर. साबणाचं पाणी लावल्यावर फ्लायव्हीलच्या बाजूने बुडबुडे. फ्लायव्हील ओढायला पुलर भाड्याने आणला, जुना सील व्हर्नियरने मोजला, तसाच सील कुडाळला बेअरिंगच्या दुकानात मिळाला. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या पंपाचा?" मी म्हटलं हो, पंपाचाच.

आता काटा २९५ वर पाच मिनिटं उभा. बीपीचं यंत्र डेटॉलने पुसून जागेवर ठेवलंय.

येझदीवाला

छान. प्लगची ठिणगी ठरवणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासून गॅप ०.३५ ते ०.४५ मिमीच्या मध्ये ठेवा. लिटरला चाळीस मिली तेल, जुनं इंजिन आहे, धूर झाला तरी चालेल. आणि पहिल्यांदा सुरू करताना ड्राइव्हचा बेल्ट काढून ठेवा. अ‍ॅक्टिव्हात असतात तशाच दोन पुल्या आहेत, थ्रॉटल अडकला तर गाडी पडवीतून सरळ माडाला जाऊन भिडेल.

धागाकर्ता

काल संध्याकाळी. बेल्ट काढला, मागची बाजू चिऱ्यांवर उचलून ठेवली, लहान मुलांना लांब पिटाळलं. मोडक्या स्प्रिंगचं झाकण काढून पुलीवर नायलॉनची दोरी गुंडाळली, जुन्या शेतीपंपाला गुंडाळतात तशी. सातव्या ओढीला फट्, नवव्या ओढीला सुरू. दहा-बारा सेकंद चाललं असेल. निळा धूर इतका की शेजारची काकू काजूला आग लागली समजून कळशी घेऊन आली. आई आतून ओरडली, "बंद कर ता, गाय बिथारली!"

बाबा पडवीच्या पायरीवर येऊन उभे राहिले. धूर जाईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेट्रोल किती खाता?"

प्लग चॉकलेटीच्या जरा पुढे, काळपट आहे. म्हणजे जेट एक पायरी खाली आणतो. गाडी उद्या मांगरात हलवतोय, पडवी मोकळी. टाकी आणि कार्बोरेटर पावसाआधी पूर्ण रिकामा करून ठेवीन.

आता राहिली ती स्प्रिंग. फक्त बाहेरचं आकड्याचं टोक मोडलंय, बाकी पट्टी शाबूत आहे. टोकाचा एक इंच लाल तापवून नवा आकडा वाकवला तर टिकेल का? की तापवल्यावर तिथली पट्टी नरम पडून पहिल्याच ओढीला सरळ होईल? कुणी केलं असेल तर सांगा. बाबांना एकदा स्वतः ओढून बघायचंय.