गाडलेलं झाकण शोधायला संगणकात अख्खी जमीन भरायची का?

मालवी_माती
इंदुरात रस्ता नव्याने डांबरला की नळाच्या व्हॉल्वचं लोखंडी झाकण खाली गडप होतं. पोरांना प्रकल्प दिलाय: जमिनीत सोडलेल्या रडार लहरी त्या झाकणावरून कशा परततात ते काढा. माझं म्हणणं, एफडीटीडी वापरा नि मोकळे व्हा: जमिनीचे बारीक ठोकळे पाडायचे नि लहर क्षणाक्षणाने पुढे सरकवत मोजायची. यी यांची 1966ची जाळी, आठवड्यात जमते. जमिनीवरची लहर सूत्रात मांडणाऱ्या सोमरफेल्डच्या 1909च्या इंटिग्रलांशी झटापट कशाला?

राजवाड्यामागचा
ठोकळे मोजलेत का? ओल्या काळ्या मातीचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (लहर किती मंदावते ते ठरवणारा आकडा) 25 धरा. लहरीची लांबी हवेतल्या लांबीच्या एक पंचमांश होते, 1 गिगाहर्ट्झला 6 सेंमी. एका लहरीत दहा ठोकळे धरले तर 2 × 2 × 1.5 मीटर जमिनीचे झाले जवळपास 2.8 कोटी. अँटेना वीतभर सरकवली की पुन्हा पहिल्यापासून!
माझ्या मोमेंट पद्धतीत अज्ञात, म्हणजे शोधायचा, असतो तो फक्त झाकणावरचा प्रवाह. 30 सेंमीच्या चौकोनी झाकणाला साधारण साडेसात हजार अज्ञातं. डांबर, मुरूम, माती सगळं ग्रीन फलनात (एका बिंदू-स्रोताला थरांचा प्रतिसाद) मुरलेलं; सोमरफेल्डची इंटिग्रलं लागतात ती इथेच. त्या अज्ञातांच्या समीकरणांची मॅट्रिक्स एकदा सोडवली की अँटेना हवी तिथे ठेवा.

मालवी_माती
एकदा, पण एकाच वारंवारतेसाठी! शंभर वारंवारता घेतल्या तर शंभर मॅट्रिक्स. माझी जाळी सगळा पट्टा एका दमात देते. शिवाय तुमचे थर सपाट नि अनंत. वैशाखात काळी माती भेगाळते, त्यात विटांचे तुकडे. ते कुठे बसवणार?

राजवाड्यामागचा
भेगांचं मान्य. पण जाळीचं उत्तर बरोबर हे कशावरून? जाळीच्या कडेचा, लहर गिळणारा शोषक थर (बेरांजे, 1994) नीट जुळवला नाही, तर कडेवरून परतलेली लहर झाकणासारखीच दिसते. निदान सपाट थरांचं एक उदाहरण माझ्या पद्धतीशी ताडून बघा.

छप्पनवाला
भिया, लोखंडी झाकणाला मेटल डिटेक्टर पुरे.

मालवी_माती
आणि प्लास्टिकचा पाइप?

छप्पनवाला
तिथे खुशाल भांडा. पण आधी मातीचा ओलावा मोजा. 25 ऐवजी 9 धरलात तर 30 सेंमीवरची वस्तू 50 सेंमीवर दाखवाल. मजूर नुसता खणत बसेल.

राजवाड्यामागचा
हे मात्र खरं. सोमवारी माती आणतो. दोघांनी सपाट थरांचं उदाहरण सोडवू. जुळलं नाही तर चूक आधी जाळीत शोधायची.

मालवी_माती
आधी तुमच्या इंटिग्रलच्या अनंताकडे जाणाऱ्या शेपटीत. ती कुठे तोडलीत ते लिहून आणा.