शब्दचर्चा : 'चंद्रघड्याळ' म्हणजे नक्की कोणतं घड्याळ?

मुलांच्या एका विज्ञान मासिकासाठी लेख तपासत होते. विषय छान होता, पहिल्या अंतराळवीरांच्या मनगटावरची घड्याळं. लेखकाने 'मूनवॉच'ला 'चंद्रघड्याळ' असा प्रतिशब्द दिला होता. मला काही खटकलं नाही, मी पुढे वाचत गेले. मग दहा वर्षांच्या भाचीला तो लेख वाचायला दिला, तर तिने विचारलं, "मावशी, हे अमावस्येला बंद पडतं का?"

तिचं बरोबर आहे. सूर्यघड्याळ म्हणजे सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ. मग त्याच चालीवर चंद्रघड्याळ म्हणजे चांदण्यावर वेळ दाखवणारं, असंच कोणीही समजणार. शिवाय तबकडीवरच्या छोट्या खिडकीत चंद्राची कला दाखवणारी घड्याळंही असतात, त्यांना काय म्हणायचं?

मूनवॉच म्हणतात ते ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर. १९५७ साली ते आलं तेव्हा चंद्राचा काही संबंध नव्हता. मोटारशर्यतीत वेग काढता यावा म्हणून तबकडीभोवतीच्या कड्यावर आकडे होते, नावातला 'स्पीड' तोच. पुढे १९६९ साली, आपल्याकडे २१ जुलैची सकाळ असताना, ते चंद्रावर पोचलं. यानातलं वेळ दाखवणारं उपकरण बिघडलं होतं, म्हणून नील आर्मस्ट्राँग आपलं घड्याळ आत ठेवून उतरले. चंद्राच्या जमिनीवर पहिलं घड्याळ गेलं ते बझ ऑल्ड्रिन यांच्या हातावर.

तर 'मूनवॉच'ला मराठीत काय म्हणावं? 'चांद्रघड्याळ' केल्याने फरक पडतो का? त्या वेळी 'चांद्रवीर' हा शब्द रुळला होता. अपोलो ११ चे तिघे ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईला आले तेव्हा ते चांद्रवीरच होते. दुसरी शंका 'क्रोनोग्राफ'बद्दल, तिसरी 'फ्लाइट क्वालिफाइड'बद्दल, म्हणजे अंतराळ-उड्डाणासाठी मान्यता मिळालेलं. लेखात 'उड्डाण-उत्तीर्ण' आहे आणि ते मला वाचवत नाही.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

माझे वडील घड्याळजी, पंचेचाळीस वर्षं भिंग डोळ्याला लावून बसले. तुमचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "किल्लीचं आहे की ऑटोमॅटिक?" मला वाटतं, मराठीत शब्द शोधायची सुरुवात इथून व्हावी. स्पीडमास्टर हे किल्लीचं घड्याळ. रोज किल्ली द्यायची, कमान गुंडाळली जाते, ती उलगडताना काटे फिरतात. किल्ली आता कुठेच नसते, असतं ते बाजूचं छोटं बटण, दातेरी कडेचं. पूर्वीच्या खिशातल्या घड्याळांना खरी वेगळी किल्ली असायची. ती गेली, शब्द राहिला. मुंबईकडचे लोक 'चावी देणे' म्हणतात, अर्थ एकच. अंगठा आणि तर्जनीत ते बटण धरून फिरवलं की कमान भरत आल्याचं बोटांनाच कळतं. वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "घट्ट लागलं की थांबा, आणखी एक फेरा नको."

दुसरं, 'काच'. आपण सरसकट घड्याळाची काच म्हणतो, पण अंतराळवीरांच्या त्या घड्याळाला काच नव्हती, ॲक्रिलिकचं झाकण होतं. खरी काच फुटली तर तिचे कण वजनरहित यानात तरंगत डोळ्यात, श्वासात जायचे. ॲक्रिलिकला तडा जातो, चुरा होत नाही. आमच्या दुकानात त्याला 'प्लास्टिकची काच' म्हणत, आणि त्यावरचे ओरखडे वडील टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासून काढत. 'प्लास्टिकची काच' व्याकरणाने चुकीचं वाटेल, पण सगळ्यांना समजतं. लेखात तेच ठेवा.

मूळ प्रश्न विचारणारी

किल्लीचं घड्याळ! हा शब्द लहानपणी रोज कानावर पडला होता आणि मी 'हस्तचलित' पास करून बसले होते. आता ते खोडते. मग ऑटोमॅटिकचं काय? लेखात 'स्वयंचलित' आहे.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

'स्वयंचलित'ने गोंधळ होतो, कारण चालतं तर प्रत्येकच घड्याळ स्वतःहून. फरक किल्ली कोण देतं याचा आहे. ऑटोमॅटिकमध्ये अर्ध्या चकतीचं एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि कमान भरते. वडील 'वजन'च म्हणतात. गिऱ्हाईक विचारायचं, अंतराळात वजनच नसतं, मग हे फिरेल कसं? शंका शब्दातून आलेली आहे. तिथे वजन नसतं, पण वस्तुमान असतं. हात झटकला की चकती जडत्वामुळे मागे राहते आणि फिरतेच. अमेरिकन अंतराळवीर विल्यम पोग यांनी हे करून दाखवलं. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर ते ८४ दिवस राहिले, तेव्हा स्वतःचं सेको ऑटोमॅटिक सोबत घेऊन गेले होते, आणि ते चाललं.

प्रतिसाद, पुण्याहून

मी रशियन शिकवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूबद्दल लिहिते. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन यांच्या मनगटावर 'श्टुर्मान्स्किये' होतं. मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याचं, हवाई दलातल्या वैमानिकांना मिळणारं. मराठी लेखांत हे नाव कंपनीचं असल्यासारखं येतं, पण तो साधा शब्द आहे. श्टुर्मान म्हणजे मार्ग दाखवणारा, दिशा धरणारा. रशियनने तो डच दर्यावर्द्यांकडून घेतला, मूळ अर्थ सुकाणू धरणारा. आपल्याकडे तंतोतंत शब्द आहे, सुकाण्या. आणि आपला 'सुकाणू'ही समुद्रावरूनच आला, अरबीतून. दोन्ही भाषांनी हे शब्द परक्या खलाशांकडून उचलले, हे मला फार आवडतं. श्टुर्मान्स्किये म्हणजे 'सुकाण्याचं घड्याळ'. नाव तसंच ठेवा, पण अर्थ एका वाक्यात द्याच.

अलेक्सेई लिओनोव १८ मार्च १९६५ ला यानाबाहेर तरंगले, त्यांच्याकडे 'स्त्रेला' होतं. स्त्रेला म्हणजे बाण. रशियनमध्ये घड्याळाच्या काट्यालाही याच शब्दाचं लहान रूप आहे, 'बाणुला' म्हणावं तसं. आपण काटा म्हणतो, ते बाण म्हणतात.

एक भर अमेरिकेची. स्कॉट कार्पेंटर २४ मे १९६२ ला गेले ते ब्राइटलिंगचं 'कॉस्मोनॉट' घालून. कॉस्मोनॉट म्हणजे रशियन अंतराळवीर, तेव्हा अमेरिकन ॲस्ट्रोनॉटच्या हातावर कॉस्मोनॉट! मराठीत ही अडचणच येत नाही, आपला 'अंतराळवीर' दोघांनाही चालतो. त्या घड्याळाची तबकडी बारा तासांची नव्हती, चोवीस तासांची होती. आपण 'सकाळचे सहा', 'संध्याकाळचे सहा' म्हणतो ते बाहेर बघून. कक्षेत दर दीड तासाने सूर्य उगवतो, तिथे बाहेर बघून काय कळणार? ते घड्याळ मात्र परतताना समुद्राच्या पाण्याने बिघडलं.

प्रतिसाद, डोंबिवलीहून

क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर यांची सरमिसळ कृपया होऊ देऊ नका. क्रोनोमीटर म्हणजे अतिशय अचूक घड्याळ, त्याला 'कालमापक' म्हणता येईल. क्रोनोग्राफ म्हणजे वेळही दाखवणारं आणि बटण दाबून मधला काळही मोजणारं. शब्दशः 'काळ लिहिणारा', आणि सुरुवातीला ते खरंच लिहायचं. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोडशर्यतीत निकोला रियोसेक यांचं यंत्र तबकडीवर शाईचे ठिपके टाकत होतं. आजचे क्रोनोग्राफ काही लिहीत नाहीत, तेव्हा 'काललेखक' केलं तर वाचकाच्या डोळ्यापुढे भलतंच येईल. मी 'स्टॉपवॉचचं घड्याळ' म्हणतो. नुसतं स्टॉपवॉच वेगळं. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन यांनी पृथ्वीच्या तीन प्रदक्षिणा केल्या तेव्हा त्यांच्या हाताला हॉयर कंपनीचं नुसतं स्टॉपवॉच बांधलेलं होतं, ते किती वाजले हे सांगत नव्हतं.

'बांधलेलं' मुद्दाम लिहिलं. घड्याळ आपण घालतो किंवा बांधतो, दोन्ही चालतं. पण जून १९६५ मध्ये एड व्हाइट यानाबाहेर गेले, तेव्हा घड्याळ पोशाखाच्या बाहीवरून, लांब वेल्क्रो पट्ट्याने गुंडाळून घेतलेलं होतं. तिथे 'बांधलं'च हवं. आणि 'लावलं' तर नकोच, घड्याळ लावणे म्हणजे वेळ जुळवणे.

'फ्लाइट क्वालिफाइड'ला 'उत्तीर्ण' अगदी नको, तिथे गुणपत्रिका दिसते. झालं काय होतं? १९६४ मध्ये नासातले अभियंता जेम्स रेगन यांनी घड्याळं मागवली, तीन कंपन्यांच्या घड्याळांवर अकरा चाचण्या झाल्या. ९३ अंश सेल्सियसची भाजणी, उणे १८ ची थंडी, दमट हवा, हादरे, आदळआपट, निर्वात. दोन घड्याळं मध्येच बंद पडली, एकाची तर 'काच' उष्णतेने वाकून सुटली. १ मार्च १९६५ ला स्पीडमास्टरला मान्यता मिळाली. याला मराठीत एकच म्हणतात, कसाला उतरलं. सोनाराच्या कसोटीवर सोनं उतरतं तसं.

मूळ प्रश्न विचारणारी

'उड्डाणाच्या कसाला उतरलेलं घड्याळ.' घेतलं! आणि मूनवॉचसाठी सगळं वाचून मला सुचलं ते साधं आहे, 'चंद्रावर चाललेलं घड्याळ'. मराठीत माणूसही चालतो आणि घड्याळही चालतं, इथे दोन्ही घडलं. समास हवाच असेल तर 'चांद्रघड्याळ' हरकत नाही, 'चांद्रवीर'च्या पंगतीत बसतं. 'चंद्रघड्याळ' मात्र चांदण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी राखून ठेवू.

प्रतिसाद, फोंड्याहून

घड्याळ शब्दातच घटिका आहे, मग हा हिशेबही करून बघा. एक घटका २४ मिनिटांची, तिची ६० पळं. तांब्याच्या वाटीला बारीक भोक, ती पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की घटका भरली. आमच्याकडे लग्नात माझ्या आजोबांनी ते घटिकापात्र वापरलेलं मी पाहिलं आहे. वाटी बुडताना फक्त एक बुडबुडा येतो, आणि भटजी त्याच क्षणाकडे डोळे लावून असतात.

गागारिन यांचं उड्डाण १०८ मिनिटांचं, म्हणजे बरोबर साडेचार घटका. लिओनोव बाहेर होते सुमारे १२ मिनिटं, अर्धी घटका, म्हणजे ३० पळं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चं यान अपघातानंतर परत येत होतं. वीज वाचवायला संगणक बंद, मार्ग थोडा सुधारायचा होता. यानातल्या तिघांपैकी लव्हेल आणि हेझ यांनी खिडकीतून पृथ्वी बघत यान हाताने स्थिर धरलं, आणि जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या स्पीडमास्टरवर इंजिनाचे १४ सेकंद मोजले. एक पळ २४ सेकंदांचं, त्यात ६० विपळं. १४ सेकंद म्हणजे ३५ विपळं, एकही कमी नाही, जास्त नाही. विपळं मी आजवर पंचांगाच्या कोष्टकातच पाहिली होती.

मूळ प्रश्न विचारणारी

चौकट म्हणून हे लेखाशेजारी देते. भाची आत्ताच वाटीला भोक पाडायला खिळा मागतेय.