कोर्दोबा: स्टेशनवरून ज्यू वस्तीतल्या लॉजपर्यंत पायी कसं जायचं? मदत हवी आहे

पुढच्या महिन्यात आईला घेऊन स्पेनमधल्या कोर्दोबाला जातोय. लॉज हुदेरियात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, १३१५ सालच्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) जवळपास आहे. माद्रिदहून गाडी रात्री दहाच्या सुमारास पोचते. मालकाने एका ओळीत कळवलंय: अल्मोदोवार दरवाजातून (जुन्या तटबंदीच्या वेशीतून) आत या, मायमोनिडीजच्या (मध्ययुगीन ज्यू तत्त्ववेत्त्याच्या) पुतळ्यापासून डावीकडे.

दरवाजापर्यंतचा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, बागेच्या कडेकडेने, साधारण दीड किलोमीटर. घोळ पुढे आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की गूगल मॅप्स दर वेळी वेगळीच वाट सुचवतं. एकदा तर मेझकितापर्यंत, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध मशीद-कॅथेड्रलपर्यंत, नेऊन परत फिरवलं! ऑफलाइन नकाशा घेतलाय, लॉजचा फोटोही आहे. मालकाला पुन्हा विचारलं, तर उत्तर तेच.

आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती हळूहळू चालते, पायऱ्या नकोत. सोबत चाकांची एक बॅग आहे. लॉज बदलता येणार नाही, पैसे भरलेत. टॅक्सी चालेल, पण ती दारापर्यंत जात नाही म्हणे.

तिथे राहून आलेल्यांनी सांगा: टॅक्सीने अल्मोदोवार दरवाजाशी उतरावं की मेझकिताच्या बाजूने? दरवाजापासून पुतळ्यापर्यंत पायऱ्या लागतात का, आणि रात्री त्या गल्लीत पुरेसा उजेड असतो का?