मेल सर्व्हर बसला आणि बॅकअप पण त्याच डिस्कवर निघाला, आता काय करू?

मोल्डिंगवाला:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशिनशॉप हाय आमचं. मी खरं तर स्टोअर बघतो, पण "ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतंय" म्हणून आयटी पण माझ्याच गळ्यात. आठ वर्षांमागं ओळखीच्या एका पोरानं लिनक्सवर मेल सर्व्हर टाकून दिला, पोस्टफिक्स (मेल घेतंय-पाठवतंय) आणि डोव्हकॉट (मेल ठेवून वाचायला देतंय), २ टीबीच्या ४ डिस्क, रेड ५ (चारींवर डेटा असा विभागलेला की एक गेली तरी चालतंय). २३ जणांचे मेल त्याच्यावर. पोरगं आता पुण्यात, फोन उचलत न्हाई.

शनिवारी लाईट दोनदा गेली-आली, यूपीएसची बॅटरी कवाच मेलेली, आणि तिथनं सर्व्हर चालूच हुईना. मॉनिटर लावून बघितलं तर एक डिस्क दिसतच न्हाई आणि दुसरीला रीड एरर यालेत. खरं सांगायचं तर त्या न दिसणाऱ्या डिस्कचा लाल दिवा दिवाळीपासनं लागलेला, मी बघितलेला पण, मेल चालू हायत म्हटल्यावर गप बसलो.

आणि बॅकअप हाय म्हणून निवांत होतो की! रोज रात्री २ ला स्क्रिप्ट चालायची, सकाळी "बॅकअप ओके" असा मेल पण यायचा. आज कळलं की ती यूएसबी डिस्कवर कॉपी करायची, आणि ती यूएसबी डिस्क कुणीतरी काढून सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला लावलीया. डिस्क न्हाई तर स्क्रिप्टनं बोंबलायला पायजे होतं ना, तर ती त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात लिहीत बसली, आणि ते फोल्डर त्याच रेडवर. म्हणजे दोन वर्षं आम्ही घराची चावी घरातच ठेवून कुलूप लावलं.

हार्डवेअरवाला म्हणतोय नवी डिस्क घाल, रीबिल्ड मार (गेलेल्या डिस्कचा डेटा बाकीच्यांवरनं नव्या डिस्कवर बनवणं), मग एफएससीके (फाईल सिस्टिम दुरुस्त करायचं टूल) चालव, दोन तासात होतंय. आज सोमवारची सुट्टी म्हणून मालक शांत हाय, उद्या १० ला माझी पूजा. करू का तो म्हणतोय तसं?

टर्मिनल_आबा:
थांब भावा, हात लावू नकोस! पहिलं सर्व्हर बंद कर आणि डिस्क बाहेर काढायच्या आधी प्रत्येकीवर मार्करनं नंबर टाक, कुठल्या खणातली कुठली ते. फोटो पण काढून ठेव.

रीबिल्ड आत्ता का नको ते सांगतो. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर चालतं, तुझी दिवाळीतच गेली, म्हणजे इतके महिने तू तीन डिस्कवर बिनाजामीन चाललायस. आता त्या तिघींतली एक आजारी. रीबिल्ड म्हणजे त्या आजारी डिस्कला पहिल्या सेक्टरपासनं शेवटच्यापर्यंत पळवणं, अर्ध्यात मेली की विषय संपला. आणि एफएससीके हे डिस्कवर लिहितंय, खराब डिस्कवर ते चालवणं म्हणजे फुटलेल्या मडक्याला वरनं ठोकून नीट करण्यासारखं.

८ टीबीची एक नवी डिस्क आण, आणि एक साधा पीसी. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट टूल हाय, त्यानं दोन चांगल्या डिस्क आणि ती रीड एररवाली, तिघींच्या इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी, एका फाईलीत) काढ. पहिल्या फेरीत जे सहज निघतंय ते घ्यायचं, अडलेले सेक्टर मागनं. मॅप फाईल (कुठपर्यंत झालं त्याची नोंद) द्यायला विसरू नकोस, मधेच लाईट गेली तर तिथनंच पुढं चालू होतंय. चांगली डिस्क ५-६ तासात उतरते, खराब असली तर दोन दिवस पण खाईल, खाऊ दे. आणि त्या डिस्कमधनं टक-टक आवाज यालाय का बघ, येत असला तर हे काहीच करू नकोस, ती थेट लॅबला.

दिवाळीवाली डिस्क नंतर जिवंत झाली तरी बाजूलाच ठेव. तिच्यावरचा डेटा दिवाळीतच थांबलाय, ती मिसळली की सगळी खिचडी. एमडीएडीएमचं (लिनक्सचं रेड सांभाळायचं टूल) एक्झामिन मारलंस की प्रत्येकीचा इव्हेंट काउंट (बदलांचा आकडा) दिसतोय, जिचा मागं पडलाय ती शिळी. मग इमेजवरच असेंबल फोर्स, म्हणजे हाय तीच रेड जबरदस्तीनं जोडायची. क्रिएट (नवी रेड बनवणं) चुकूनसुद्धा न्हाई, क्रम चुकला की सगळं गेलं. चढलं तर रीड-ओन्ली माउंट कर (नुसतं वाचायला जोड), जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) प्ले न करता.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
आबा म्हणालेत ते बरोबरच, पण त्याच्याआधी एक अर्जंट. तुमच्या पोरांचे आउटलुक आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच राहतात, पीसीवर फक्त कॉपी) आहेत का? असतील तर उद्या सकाळी कुणी पीसी चालू करायच्या आधी सगळ्या लॅन केबल उपटा, लॅपटॉपवाल्यांचं वायफाय बंद. गंमत नाही. नवीन रिकामा सर्व्हर त्याच नावानं उभा केला आणि आउटलुक त्याला जाऊन भेटलं की त्याला वाटतं मेल सर्व्हरवरनंच डिलीट झालेत, आणि ते आपल्याकडची कॉपी पण साफ करतं. आमच्या इथं अकाउंट्सच्या मॅडमचे सहा वर्षांचे मेल असेच डोळ्यासमोर गेलेत, चहा पिईपर्यंत इनबॉक्स रिकामा.

आधी आउटलुक बंद ठेवून ओएसटी फाईलची (आउटलुक पीसीवर मेल ठेवतं ती) कॉपी घ्या, मग नेट नसताना उघडून पीएसटीला (दुसऱ्या पीसीवर पण उघडणारी मेल फाईल) एक्स्पोर्ट. ओएसटी दुसऱ्या पीसीवर नेऊन सरळ उघडत नाही, म्हणून ते त्याच मशीनवर करायचं. आणि सेटिंगमध्ये "मागचे १२ महिने" असं असेल तर तेवढंच निघेल. कुणी थंडरबर्ड वापरत असेल तर नशीबवान, प्रोफाइल फोल्डर उचला, आत साध्या एमबॉक्स फाईल (अख्ख्या फोल्डरचे मेल एकाच फाईलीत) असतात. पीओपीवाला (मेल पीसीवरच उतरवून घेणारा) कोण असेल तर त्याच्याकडं सगळंच सापडेल.

पंचगंगाकाठ:
२०१९ च्या पुरात आमचं शाहूपुरीतलं ऑफिस बुडालं तेव्हा सर्व्हर टेबलावर होता म्हणून आम्ही निर्धास्त, नदी ५५ फुटांच्या वर जाईल असं कुणाच्या बापाला वाटलं नव्हतं. डिस्क लॅबला पाठवायची तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली. शेवटी निम्म्याहून जास्त मेल समोरच्या पार्टीकडनंच परत मिळाले. पीओ (खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, सगळं त्यांच्या सेंटमध्ये असतंय की. लाजायचं न्हाई, दहा मोठ्या कस्टमरला सरळ फोन लावा.

मोल्डिंगवाला:
आबा, दादा, लई उपकार. आवाज न्हाई डिस्कचा. सकाळी ७ लाच गेटवर थांबून केबली काढल्या, सेल्सवाला भांडला पण काढल्या. आता नवीन येणाऱ्या मेलचं काय? शनिवारपासनं आलेले सगळे गेले म्हणायचे?

टर्मिनल_आबा:
बहुतेक नाही गेलेले. सर्व्हर उचलतच नसला तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत परत ट्राय करतो. पोस्टफिक्स डिफॉल्टला ५ दिवस थांबतंय, एक्स्चेंजवाले २ दिवसातच हात वर करतात, म्हणून लई उशीर पण नको. पण खरी चूक पुढं होते. घाईत अर्धवट सर्व्हर चालू केला आणि त्यात खातीच नसली तर तो "असा युजर न्हाई" म्हणून कायमचा नकार देतोय, आणि रांगेतला मेल बाऊन्स (पाठवणाऱ्याकडं परत). म्हणून नव्या मशीनवर पोस्टफिक्समध्ये पहिलं सॉफ्ट बाऊन्स यस कर, मग नकार तात्पुरता होतोय. २३ खाती रिकामी बनव, मेल घ्यायला चालू कर, आणि आयमॅपचा पोर्ट बंदच ठेव, त्या आउटलुकवाल्या भानगडीमुळं.

मोल्डिंगवाला:
शुक्रवार संध्याकाळ. इमेज काढायला ४१ तास लागले, खराब डिस्कचे साधारण ३ एमबी निघालेच न्हाईत, बाकी सगळं आलं. असेंबल फोर्सनं चढलं! मेलडिर असल्यामुळं एकेक मेल वेगळी फाईल, त्यामुळं जिथं भोक पडलं तेवढेच गेले. जोडलेल्या इमेजच्या कॉपीवर एफएससीके चालवलं तर खरेदी विभागाचं अख्खं फोल्डर फुटून लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये (ठिकाण हरवलेल्या फायली जिथं पडतात ते फोल्डर), ११ हजार फायली, नावं नुसते नंबर. आलेल्या मेलच्या फायलीत वर डिलिव्हर्ड-टू (कुणाला पोचला ते) लिहिलेलं असतंय, त्यावरनं ग्रेप (फायलीत शब्द शोधायचं टूल) मारून लावल्या. डोव्हकॉटच्या जुन्या इंडेक्स फायली उडवल्या, त्यानं स्वतः नव्या बनवल्या.

शनिवारचे ते रविवारचे काही मेल बाऊन्स झालेत, एका जर्मन कस्टमरनं फोन करून सांगितलं. यूपीएसच्या बॅटरीला मालकानं लगेच हो म्हटलं. दुसऱ्या यूएसबी डिस्कला मात्र "आता तर सगळं मिळालंय ना?" म्हणालेत.

टर्मिनल_आबा:
ती ८ टीबीची डिस्क परत देऊ नकोस. तीच बॅकअपची, कपाटात कुलपात ठेव. आणि स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ डिस्क माउंट हाय का ते बघायची, नसली तर तिथंच थांब आणि मेल पाठव.

पंचगंगाकाठ:
कपाट वरच्या मजल्यावरचं बघ.