मैदानाची किल्ली कुणाकडे होती?

मुलुंडची आई

परवा संध्याकाळी लेक फुटबॉल घेऊन खाली गेला आणि दहाव्या मिनिटाला परत आला. चेंडू तसाच काखेत, बुटाला मातीसुद्धा लागलेली नाही. "शिट्टी मारली," एवढंच म्हणाला.

आमच्या इथली बाग नुकतीच नवी केली आहे. रंगीत रबरी फरशी, सेल्फीसाठी हृदयाची कमान, व्यायामाची निळी-पिवळी यंत्रं (ज्यांवर बसून आजोबा मंडळी पेपर वाचतात). आणि फाटकावर पाटी : हिरवळीवर चालू नये, चेंडू खेळू नये, सायकल आणू नये, बारा वर्षांवरील मुलांनी झोपाळ्यावर बसू नये. लेक साडेअकराचा आहे. म्हणजे अजून सहा महिने झोपाळा तरी आहे नशिबात.

मी परळच्या चाळीत वाढले. आई कामगार कल्याण केंद्रात शिवणाच्या वर्गाला जायची आणि मी बाजूच्या खोलीत कॅरम खेळायचे. बोरिक पावडरचा डबा बाईंच्या कपाटात, कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. बाई रजेवर गेल्या की आमच्यापुरती मुंबई बंद!

तर सांगा : तुम्ही कुठे खेळलात, कुणी खेळवलं, किती पैसे पडले, किल्ली कुणाकडे असायची? अनुभव लिहा, उपदेश नकोत. "आमच्या वेळी" हे शब्द प्रत्येकाला एकदाच वापरायची मुभा आहे.

दोरीवाली, दादर

माझं उत्तर लांब होणार, आधीच माफी.

आठवीच्या सुट्टीत आईने मला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उन्हाळी शिबिरात घातलं. कारण अगदी घरगुती : घरात लहान भावंडाला गोवर, मला बाहेर ठेवायचं होतं. शिबिर संपलं, गोवर गेला, मी मात्र अकरा वर्षं तिथेच राहिले.

मुलींना दोरीचा मल्लखांब. पहिल्या दिवशी वाटलं, काय आहे, दोरीला तर धरायचं. मग ताईंनी सांगितलं, हाताने नाही, पायाने धर. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडायची आणि त्यावर अख्खं अंग उचलायचं. गाठ मारायची नाही. तीन दिवस त्या बेचक्यात आग होती, चप्पल घालता येत नव्हती, शाळेत जायचं नव्हतं म्हणून बरं. चौथ्या दिवशी पहिली अढी, म्हणजे दोरीवरची पायाची पकड, लागली. पाय वर, डोकं खाली, आणि उलटा शिवाजी पार्क दिसला : झाडं जमिनीला टांगलेली, कट्ट्यावरची माणसं छताला चिकटलेली. अजून डोळे मिटले की दिसतं.

बाजूला मुलांचा पुरलेला मल्लखांब. लाकडाला एरंडेल, हाताला राळेची पूड. तो वास मला आजही कुठे आला तर पोटात गोळा येतो, कारण त्या वासापाठोपाठ ताईंची हाक यायची, "चल, तुझा नंबर."

किल्लीचं विचारलंत. तिथे शिकवणारे बहुतेक जण आधी तिथेच शिकलेले. दिवसभर नोकरी, संध्याकाळी थेट मैदानावर, कुणी घरून डबा न खाता. मीही दोन वर्षं लहान मुलींचा गट घेतला. अंध मुलीही यायच्या. त्यांना दाखवून शिकवता येत नाही, हात धरून दोरीपर्यंत न्यायचं आणि तोंडाने सांगत राहायचं : डावा गुडघा आत, टाच वर, आता सोड. मला वाटतं मराठी मी तिथे शिकले. एक शब्द चुकला तर मुलगी पडेल, अशी भाषा दुसरीकडे कुठे बोलावी लागते?

२०१९ च्या फेब्रुवारीत तिथेच मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मी पोराला खांद्यावर घेऊन पाहायला गेले. परदेशी मुली सरसर दोरी चढत होत्या आणि मी इथून खालून पुटपुटत होते, टाच, टाच. २०२४ साली आमच्या व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर दिवसभर नुसते फोटो. एकाही फोटोत कुणी सरळ उभं नाही, सगळे उलटे.

गिरगावकर

आझाद मैदान. किट बॅग लोकलच्या दारात अडकवून चर्चगेट. किल्लीचा प्रश्नच नाही, तिथे कुंपणाला दारंच दारं. बावीस खेळपट्ट्या एकमेकींत घुसलेल्या. तुमचा मिडऑन दुसऱ्याच्या स्लिपशेजारी उभा, तिसऱ्याचा चेंडू तुमच्या टाचेवर. चेंडू आला की ओरडायचं नाही, वाकून परत फेकायचा, हा शिष्टाचार मला कुणी शिकवला नाही, आपोआप आला.

१९८८ च्या हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत तेंडुलकर-कांबळींनी ६६४ धावांची भागी केली ती याच मैदानावर. माझ्या वयाचा गिरगावातला प्रत्येक माणूस त्या दिवशी तिथे हजर होता म्हणतो. सगळे खरं बोलत असतील तर मैदानावर क्षेत्ररक्षकाला उभं राहायला जागा नसती. मी नव्हतो. मला कांजिण्या झाल्या होत्या.

पावसाळ्यात कांगा लीग. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी गुडघ्याखाली, कधी कानाजवळून. पांढरे कपडे घरी आल्यावर आई बादलीत टाकायची आणि आम्हालाही त्याच बादलीत बुडवावं असं बघायची.

मुलुंडची आई

@दोरीवाली, उलटा शिवाजी पार्क! @गिरगावकर, प्रामाणिकपणाबद्दल कांजिण्यांसह आभार.

साचेवाल्याचा मुलगा, लालबाग

वडील गिरणीत साचे चालवायचे. १९८२ च्या संपानंतर कामावर परत गेलेच नाहीत, म्हणजे जाता आलं नाही. तेव्हा मी सातवीत. घरात सहा माणसं, दहा बाय बाराची खोली, आणि दिवसभर घरी बसलेला बाप. त्या दिवसांत संध्याकाळी घराबाहेर असणं ही करमणूक नव्हती, गरज होती.

चाळीच्या मागच्या पटांगणात मंडळाचं कबड्डीचं मैदान. पाच वाजता माती चाळायची, खडे वेचायचे, बालदीने पाणी मारायचं, पाणी मुरलं की चुन्याच्या रेषा. हे सगळं खेळणाऱ्यांनीच करायचं. ज्याने पाणी भरलं नाही त्याला चढाई नाही, हा मंडळाचा अलिखित कायदा. पाणी मोजकं, नळ सकाळी यायचा, म्हणून प्रत्येक घराने एक कळशी मैदानासाठी बाजूला ठेवायची. माझी आजी कुरकुर करत ठेवायची, पण ठेवायची.

किल्ली मंडळाच्या एका दादांकडे. तेही गिरणीतलेच, तेही घरी बसलेले. आता विचार करतो तेव्हा कळतं, आम्हाला शिकवणं हीच त्यांची त्या वर्षांतली पाळी होती. बरोबर सहाला यायचे, गिरणीच्या भोंग्यासारखे. पकडीत पाय सोडला की म्हणायचे, "अरे, धागा तुटला तर गाठ मारतोस ना? मग पाय का सोडतोस?" आमच्यातल्या दोघांना रेल्वेत नोकरी लागली, एकाला पोलिसांत, मला बँकेत. चारही कबड्डीवर. चार घरं उभी राहिली त्या मातीवर, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

आता तिथे टॉवर आहे. आम्हालाही त्यातच वरती जागा मिळाली, तक्रार नाही. सातव्या मजल्यावर पोडियम, तिथे मॅटही टाकली आहे, चांगली आहे, गुडघे फुटत नाहीत. पण लिफ्टला कार्ड लागतं. समोरच्या चाळीतली पोरं खाली उभी राहून वर बघतात. मी दोनदा माझ्या कार्डावर आठ पोरं वर नेली. तिसऱ्यांदा सोसायटीचं पत्र आलं.

सकाळची सहा

वय २२, गोरेगाव, मुलगी, फुटबॉल. माझं थोडं वेगळं आहे.

आमच्या इथे मैदान आहे, मोठं आहे, कुलूपही नसतं. पण संध्याकाळी तिथे मुलांच्या चार टीम असतात आणि त्यातली एकही आम्हाला हाकलत नाही, फक्त जागा देत नाही. चेंडू मुद्दाम आमच्यात येतो, मग "सॉरी दीदी". दहा वेळा सॉरी झालं की आपणच निघतो.

म्हणून आम्ही सकाळी सहाला जायला लागलो. अकरा मुली जमवायला चार महिने लागले. कुणाचे पप्पा सोडायला येतात आणि कट्ट्यावर पेपर वाचतात, ते आमचे प्रेक्षक.

खरी अडचण सांगू? संडास. मैदानावर आहे, पण कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो नऊला येतो. त्या चार दिवसांत अर्ध्या मुली येतच नाहीत. शेवटी शेजारच्या डोसेवाल्या काकूंनी त्यांच्या घरचा दरवाजा उघडला. काकू साडेपाचला पीठ काढायला उठलेल्याच असतात. त्या एका दरवाज्यामुळे आमची टीम टिकली. हे "क्रीडा सुविधा" या शब्दात कुठे बसतं मला माहीत नाही.

टर्फ परवडत नाही. तासाला बाराशे, दोन वेळा घेतलं, छान वाटलं, तिसऱ्यांदा कुणी पैसे काढेना.

सायनचा

खेळाचं नाही, पण लिहितो. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सदतीस एकर, मिठी नदीच्या कडेला. तिथे आधी शहराचा कचरा टाकत. झाडं लावून जंगल केलं आणि १९९४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. कॉलेजात असताना मुलांच्या सहलींबरोबर स्वयंसेवक म्हणून जायचो.

एकदा एका मुलाने विचारलं, "दादा, खाली अजून कचरा आहे?" आहे म्हटलं. तो बराच वेळ पायाने जमीन दाबून बघत होता. मग बाकीच्यांना बोलावून सगळ्यांनी उड्या मारून पाहिल्या. फुलपाखरं राहिली बाजूला.

जोगेश्वरीचा थर

गुरुपौर्णिमेपासून गोविंदाचा सराव. आमच्याकडे मैदान नाही, गल्ली आहे. रात्री दहाला रिक्षा हलवून जागा करायची. चौदा वर्षांखालच्यांना वर चढवायला बंदी आल्यापासून एक्क्याला, म्हणजे सगळ्यात वर, हलका गडी शोधणं हे वेगळंच काम झालंय. बंदी योग्यच आहे, मी स्वतः बाराव्या वर्षी एक्का होतो आणि मनगटात अजून पट्टी आहे. बारकी पोरं आता खाली घेरात उभी राहून ओरडतात, "पाय बघ! पाय बघ!" त्यांनाही काम हवंच ना.

माळ्याचा मुलगा

सगळं वाचलं. शिट्टीवाल्याची बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो.

माझे वडील बागेत माळी होते, छत्तीस वर्षं. कुठली बाग ते राहू द्या. शिट्टी त्यांच्याही खिशात असायची. चेंडूला बंदी त्यांनी केली नव्हती, पाटी वरून रंगवून आली होती. पण रोप मोडलं की विचारणा त्यांना. एकदा चेंडू एका आजींच्या चष्म्याला लागला. काच फुटली, डोळा वाचला. आजींच्या मुलाने वडिलांना साहेबांसमोर उभं केलं. चेंडू मारणारा पोरगा कुठे होता? तो मीच होतो, बोगनवेलीच्या मागे बसलो होतो.

वडील घरी आले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कंपोस्टचा खड्डा होता, तिथली जागा झाडून काढली. संध्याकाळी घंटा वाजवून लोकांना बाहेर काढायचे, फाटक लावायचे आणि मागच्या बाजूने आम्हाला पाऊण तास आत घ्यायचे. स्वतः स्टुलावर बसून राहायचे, विडी ओढत. पगार त्या पाऊण तासाचा नव्हता. आईने ताट झाकून ठेवलेलं असायचं.

मुलुंडच्या ताई, तुमच्या शिट्टीवाल्याशी एकदा बोलून बघा. पाटीवर नसतं ते माणसाकडे असतं कधीकधी. नसतंही.

रविवारची सायकल

वय ६३, आजी. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे काही रस्ते गाड्यांना बंद केले होते ना, तेव्हा नातीला स्केटिंगला न्यायचे. ती दमली की तिची सायकल मोकळी. तिथे शिकले. दोनदा पडले, एका हवालदाराने उठवलं आणि म्हणाला, "आई, ब्रेक उजव्या हाताला." माझ्या लहानपणी मुलींना सायकल नव्हती. ("आमच्या वेळी" लिहिलेलं नाही, मोजून बघा.)

दोरीवाली, दादर

@सकाळची सहा, संडासाचं अगदी खरं. आमच्याकडे ताई होत्या म्हणून आई पाठवायची. ज्या मैदानावर एकही मोठी बाई उभी नसते तिथे मुली दहावीनंतर दिसत नाहीत. तुम्ही अकरा जणी टिका. आणि काकूंकडून महिन्यातून एकदा तरी डोसा विकत घ्या.

सकाळची सहा

घेतो! त्या पैसे घेत नाहीत, चटणी जास्त देतात.

मुलुंडची आई

काल खाली गेले होते. शिट्टीवाले काका साताऱ्याचे निघाले, बारा तासांची ड्यूटी, खुर्ची स्वतःची घरून आणलेली. मी चहा नेला होता, लाच म्हणा हवं तर. आधी पाटी दाखवली. मग म्हणाले, तक्रार मुलांची नसते मॅडम, चालायला येणाऱ्यांची असते, ते फोटो काढून वर पाठवतात. मग बराच वेळ चहा फुंकत बसले.

शेवटी ठरलं ते असं : चालणारे साडेसातला जातात. त्यानंतर अर्धा तास, पंपाच्या खोलीमागे, पाच पोरं, त्याहून जास्त नाही. फुटबॉल चालणार नाही, आवाज होतो. टेनिसचा चेंडू चालेल. आणि कुणी विचारलं तर हे आपलं काही बोलणं झालेलं नाही. (मी इथे लिहिलं, पण बागेचं नाव कुठे लिहिलंय?)

लेक आता सोसायटीभर टेनिसचा चेंडू कुणाकडे आहे विचारत फिरतोय. आमच्या घरात तीन फुटबॉल आहेत.