शब्दचर्चा : फराळ उपासाचा की दिवाळीचा?

प्रश्न

मी बालवाडी चालवते. आषाढी एकादशीला मुलं विठोबा-रखुमाई होऊन येतात, त्या दिवसासाठी चार ओळी जुळवल्या:

खिस खिस रताळं,
आजीचं फराळं.
भगर मऊ, आमटी लाल,
बाळाला एक घास घाल.

मुलांनी त्या लगेच उचलल्या. पालकांनी मात्र दोन हरकती घेतल्या. एकांचं म्हणणं, फराळ म्हणजे चकली-चिवडा, तो दिवाळीत. एकादशीला 'उपासाचे पदार्थ' म्हणा. (हे कुठल्या चालीत बसवू?) दुसऱ्या घरी भगर हा शब्दच नाही, ते 'वरीचे तांदूळ' म्हणतात. तर उपासाच्या खाण्याला फराळ म्हणणं चूक आहे का? आणि बडबडगीतातला प्रत्येक शब्द मुलाला कळायलाच हवा का?

प्रतिसाद

चूक तर नाहीच, उलट उपासाचा फराळ थोरला आणि दिवाळीचा धाकटा. मूळ संस्कृत शब्द फलाहार, म्हणजे फळांचा आहार. तो घासला जाऊन 'फळार' झाला आणि मग ळ आणि र यांनी जागा बदलल्या. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. बोलण्यात 'नुकसान'चं 'नुस्कान' होतं, तसाच प्रकार. गुजरातीतही 'फराळ' आहे आणि तिथे तो आजही उपासाचाच. फराळी चिवडा मागितला तर बटाट्याचा मिळेल, पोह्यांचा नाही.

मग आपल्याकडे तो चकलीवर कसा गेला? मला वाटतं, वाट 'जेवण' या शब्दावरून जाते. उपासाला अन्न वर्ज्य, म्हणजे भात-पोळी-वरण वर्ज्य. त्याऐवजी जे खायचं तो फराळ. यातला उपास गळून पडला आणि 'जेवण नव्हे असं खाणं' एवढाच अर्थ उरला. 'फराळपाणी झालं का?' असं विचारणाऱ्या जुन्या माणसाच्या मनात एकादशी असेलच असं नाही. पाहुण्याला काही हलकं खायला दिलं का, एवढंच त्याला विचारायचं असतं. या मधल्या अर्थातून दिवाळीचा फराळ निघाला. चकली भाजणीची, भाजणी तांदूळ-डाळींची, म्हणजे उपासाला जे अजिबात चालत नाही तेच आता फराळ म्हणून आधी आठवतं. पालकांचा दोष नाही, त्यांच्या कानावर दिवाळीचाच फराळ जास्त पडलाय.

फळांचा आहार म्हणावा तर त्यात आता फळं तरी कुठे आहेत? बटाटा दक्षिण अमेरिकेतला, नावही पोर्तुगीजांकडून आलेलं. शेंगदाणा तिकडचाच, मिरची आणि रताळंही अमेरिका खंडातलीच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचा; आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने. त्याचं नाव मात्र मलय भाषेतल्या 'सागू'वरून, जो मुळात एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा पदार्थ. हे सगळं सोवळ्यात कधी आणि कसं शिरलं हा वेगळा विषय. शब्दापुरतं सांगायचं तर 'फल' नावालाच राहिलं.

प्रतिसाद

विदर्भातून लिहितो. आमच्याकडे वाद उद्भवणारच नाही. 'आज फराळाचं आहे' म्हटलं की उपास, बस. दिवाळीचा तो फराळ आणि उपासाचं ते 'फराळाचं', असा प्रत्ययावरच फरक आहे. भगरही आमचीच, मराठवाडा-खानदेशातही तीच. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात वरी, वरई, वरीचे तांदूळ. मला गंमत या 'तांदूळ' शब्दाची वाटते. उपासाला तांदूळ वर्ज्य म्हणून बारीक भरड धान्य घेतलं आणि त्यालाच तांदूळ म्हटलं! हिंदीवालेही 'समा के चावल' म्हणतात, तेव्हा आपण एकटे नाही.

प्रतिसाद

उपासाच्या शब्दांत मला नामांपेक्षा क्रियापदं आवडतात. उपास धरतात आणि करतात. ठरवलेलं नसताना दिवसभर खाणं झालं नाही आणि नेमकी चतुर्थी निघाली, तर तो घडतो, आणि सांगणाऱ्याला त्याचं जरा बरंच वाटतं. पण घरात पीठ नाही म्हणून उपास पडतो, आणि अशा दिवसांचे उपास काढतात. हे 'काढणं' बहुतेक अनेकवचनीच असतं, कारण गरिबीचा उपास एकटा येत नाही. चंद्र उगवल्यावर संकष्टीचा उपास सोडतात, एकादशीचा दुसऱ्या दिवशी द्वादशीला. मधेच विसरून शेव तोंडात टाकली तर तो मोडतो. सोडणं आणि मोडणं यांत एका अक्षराचा फरक, पण घरातली म्हातारी माणसं त्यावर दिवसभर बोलू शकतात. उपोषण हा शब्दही याच धातूचा, 'उप' आणि 'वस्'. आता तो मैदानातल्या मांडवात जाऊन बसलाय. आजी एकादशीला 'उपोषणाला बसले' म्हणाली तर आधी मागण्या विचाराव्या लागतील.

आणि सगळ्यात कामाचं क्रियापद 'चालणे'. 'उपासाला कोथिंबीर चालते का?' याचं उत्तर कुठल्या ग्रंथात शोधू नका, ते घरागणिक बदलतं. जिरं बहुतेकांकडे चालतं. हळद, हिंग, मोहरी बहुतेकांकडे नाही.

प्रश्न विचारणारी

चालण्यावरून आठवलं. 'आपडी थापडी गुळाची पापडी, धम्मक लाडू' म्हणत होतो, तर एका मुलीने विचारलं, 'ताई, उपासाला धम्मक लाडू चालतो?'

प्रतिसाद

चालतो, आणि कितीही खाल्ले तरी उपास मोडत नाही! धम्मक लाडू म्हणजे पाठीत बसणारा गुद्दा, त्याची बहीण चापटपोळी. त्या मुलीने शब्दाचा अर्थ चुकीचा लावला असेल, पण त्याची जात बरोबर ओळखली: लाडू हा खायचा, आणि खायचं म्हटलं की आज चालतं का ते विचारायचं. बडबडगीतातून भाषा शिकणं म्हणतात ते हेच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते स्पष्ट 'नाही' असं आहे. 'अडगुलं मडगुलं सोन्याचं कडगुलं' घ्या. कडगुलं म्हणजे कडं, हे लागतं. अडगुलं-मडगुलं यांचे अर्थ लावणारे भेटतात, पण मला ते ओढूनताणून वाटतात. ते दोन शब्द कडगुल्याला वाट करून द्यायला आलेत. कान आधी तयार होतो, अर्थ मागून येतो. इंग्लंडमध्ये पीटर ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी ज्या मुलांना बालगीतं जास्त येत होती त्यांचं पुढचं वाचन सरस दिसलं, आणि दुवा होता आवाजांमधलं साम्य ओळखण्याचा. ती मुलं इंग्रजी बोलणारी होती, आपल्या लिपीत एकेका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र येतात, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये. पण रताळं-फराळं ऐकून तिसरा शब्द 'आवळा' सुचवणारं मूल काय करतंय ते आपल्याला समोर दिसतं.

शिवाय तुमच्या ओळींत 'ळ' आहे. लहान मुलं 'फराल', 'रतालं' म्हणतात, अहिराणीच्या मुलखात ळ-चा य होतो (डोळ्याचा डोया). ळ घोटून घ्यायला उपासाच्या ताटाइतकं चांगलं सामान दुसरीकडे मिळायचं नाही: रताळं, केळं, गूळ, आणि स्वतः फराळ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा शिकवण्याचं साहित्य मुलांच्या भोवतालातूनच घेतलं. घरातलं ताट हा त्यातलाच भाग.

प्रतिसाद

व्याकरणाची एक शंका. फराळ पुल्लिंगी, तो फराळ, आजीचा फराळ. 'आजीचं फराळं' कसं?

प्रतिसाद

व्याकरणात बसत नाही, खरंय. पण 'करंगळी मरंगळी' म्हणताना मरंगळी कुठल्या हाताला असते? 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण घ्या. तिथलं 'खाशी' हे जुनं रूप आज एरवी कोणी बोलत नाही, पण यमकाने ते धरून ठेवलंय. फराळंही तसंच राहू द्या.

भगरीचं मात्र दोन्ही करता येईल. भगर आणि वरी, दोन्हींच्या मात्रा तीन. एकदा 'भगर मऊ' म्हणा, एकदा 'वरी मऊ'. चाल हलणार नाही आणि दोन्ही घरांतली मुलं आपापला शब्द मोठ्याने ओरडतील.